साहेबाचं सुतक

धुळ्यात मे महिन्यात लोकरीचा कोट घालून हिंडणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि नशीब बघा, तेच माझे घरमालक निघाले. मी पाचोऱ्याची. देवपुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा त्याच शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सरांनी मला वरची खोली भाड्याने दिली. सामान घेऊन रिक्षातून उतरले तर सर दारात उभे. अंगात कोट, डोक्याला हॅट, आणि कानशिलावरून घामाच्या धारा. मला म्हणाले, "वेलकम मॅडम. साहेब म्हणायचा, पाहुण्याला दारात ताटकळत ठेवू नये." आणि मला रणरणत्या उन्हात तसंच उभं करून साहेब आणखी काय काय म्हणायचा ते सांगत बसले. शेवटी आतून त्यांची बायको, अक्का, ओरडली, "अहो, तिले घरमा तं येऊ द्या!"

हा साहेब म्हणजे त्यांच्या शाळेतला कोणी वरिष्ठ नव्हे. तो विलायतेतला एक जुना नट. काळ्या-पांढऱ्या सिनेमांपासून रंगीत सिनेमांपर्यंत कामं केलेला. त्याचं नाव मी सांगत नाही. सरांनी त्याचं नाव शेवटी टाकलं, तर मी कशाला घेऊ?

सर कॉलेजात होते तेव्हा धुळ्याच्या एका टॉकीजला रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागायचा. मारामारीचा आहे समजून पोरं गेली आणि निघाला एका न्यायाधीशाचा. कोर्टात बसून नुसतं बोलणं. अर्ध्या तासात थिएटर रिकामं झालं. सर एकटे बसून राहिले. एक शब्द कळला नाही म्हणे, पण त्या माणसाची एक भुवई वर गेली आणि माझं आयुष्य बदललं, असं ते सांगायचे. अक्का म्हणायची, "त्यानी भुवई वर गयी, नि मनं नशीब खाले उनं."

त्यानंतर सरांनी साहेबाचा जन्मापासूनचा सगळा इतिहास गोळा केला. मासिकांची कात्रणं, कॅसेटी, पुढे सीड्या. कुठून कुठून मागवायचे देव जाणे. साहेबाचा जन्म इंग्लंडातल्या एका गिरणीच्या गावात, आपल्या धुळ्यासारख्याच. बापाचं माशांचं दुकान. साहेब सोळाव्या वर्षी घरातून पळाला आणि गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीत शिरला. पुढे सिनेमात आला, पण वीस वर्षं नुसता ट्रे घेऊन उभा. नोकराचं काम. "डिनर इज सर्व्ह्ड, सर," एवढंच वाक्य. लढाईत त्याने जखमींची गाडी चालवली. आणि बावन्नाव्या वर्षी तो न्यायाधीश मिळाला. सख्ख्या भावाला फाशी सुनावणारा न्यायाधीश. मग काय, बंगला, मोटारी, तीन लग्नं. तिन्ही मोडली. दारू लागली. सेटवर वाक्यं विसरायला लागला. शेवटी टीव्हीवर बिस्किटांच्या जाहिरातीत दिसायचा.

हे सगळं मला पाठ आहे, कारण नळाला पाणी आलं तरी सर त्यातलं काही ना काही सांगायचे. आठवीच्या वर्गात धड्याचं पहिलं पान उघडलं की तास संपेपर्यंत साहेब नाटक कंपनीतच. पोरं खूश, परीक्षेत नापास. मुख्याध्यापकांनी दटावलं तर सर भुवई वर करायचे. ती भुवई त्यांना साहेबासारखी जमायची नाही, दोन्ही वर जायच्या आणि माणूस घाबरल्यासारखा दिसायचा. चहा बिनदुधाचा, लिंबू पिळून. अक्का त्याला काढा म्हणायची. वांग्याचं भरीत मात्र ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी हाताने खायचे. मी एकदा टोकलं, "सर, साहेब भरीत काट्या-चमच्याने खायचा का हो?" तर म्हणाले, "मॅडम, साहेबाच्या नशिबी भरीत नव्हतं." आणि खरंच हळहळले हो!

मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची. ते स्वतःचं वय साहेबाच्या वयाशी जोडत चालायचे. चाळिशीत असताना म्हणायचे, अजून माझे ट्रे धरायचे दिवस आहेत. चेष्टेत म्हणत नव्हते. बावन्नाव्या वर्षी आपल्यालाही काहीतरी मिळणार अशी त्यांची पक्की खात्री होती. काय मिळणार, कोण देणार, हे कळत नव्हतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात दोनदा म्हाताऱ्याचं काम केलं, एवढीच त्यांची नटगिरी.

आणि गंमत म्हणजे ते बावन्नाचे झाले त्याच वर्षी लळिंगच्या किल्ल्याजवळ एका मराठी सिनेमाचं शूटिंग आलं. सर रजा टाकून रोज सकाळी कोट घालून तिथे जायचे आणि उन्हात उभे राहायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी एक माणूस त्यांच्याकडे आला. सरांना वाटलं, आलं बोलावणं. तो म्हणाला, "काका, तुमचा कोट मिळेल का? हिरोच्या वडिलांना पाहिजे." सरांनी काढून दिला. संध्याकाळी कोट परत आला तो बाही उसवूनच. सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. कोट दिसला. सर पडद्याकडे बोट दाखवून अक्काला म्हणाले, "बघ, बघ!" त्यांची मुलगी वैशाली तेव्हा कॉलेजात होती, ती मान खाली घालून बसली होती. ते वर्ष तसंच सरलं. दुसरं काही आलं नाही.

आता खरं सांगायचं ते वैशालीचं.

पोरगी हुशार, गोरीगोमटी नव्हती पण बोलायला गोड, कामाला वाघ. एकुलती एक. बीएस्सी झाली आणि पारोळ्याकडचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घरी शेती, माणसं सालस. बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती आली. दोघांचं फोनवर बोलणं सुरू झालं. रात्री जेवणं झाली की ती माझ्या खोलीत येऊन बसायची आणि काहीही कारण नसताना हसायची. मी चिडवायचे, "काय गं, आज पारोळ्याला पाऊस झाला का?" ती उशी फेकून मारायची. रविवारी सुपारी फोडायला पाहुणे येणार होते. अक्काने सांजोऱ्या करून ठेवल्या होत्या.

गुरुवारच्या पेपरात आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, साहेब गेल्याची बातमी आली. चार ओळी. समुद्रकाठच्या कुठल्याशा वृद्धाश्रमात गेला. जवळचं कोणी नव्हतं.

सर शाळेत आले नाहीत. संध्याकाळी मी घरी आले तर ओट्यावर एक माणूस पाठमोरा बसलेला. डोक्याचा गोटा, अंगावर पंचा. मला वाटलं कोणी पाहुणा. वळला तर सर! मिशीसुद्धा नाही. पांझरेच्या घाटावर जाऊन मुंडण करून आले होते.

अक्का दारात कपाळाला हात लावून बसली होती. "कोन मरनं तुमनं? सांगा ना! कोन मरनं?"

"त्याला मूलबाळ नव्हतं," सर म्हणाले. "कोणीतरी करायला पाहिजे ना."

"नि रविवारले पाव्हणा येतस, ते?"

त्यांनी जे तोंड केलं ना, ते मी विसरले नाही. रविवार त्यांच्या ध्यानातच नव्हता. पेपर वाचला आणि उठून घाटावर गेले, बस्स. स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मधल्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, तारीख पुढे ढकलली तर मोडल्यासारखंच दिसेल, पाहुण्यांची गाडी ठरली आहे. मग अक्कानेच तोड काढली. चोपड्याकडचे लांबचे चुलते वारले असं सांगायचं. लांबचं सुतक, फिटलं म्हणायचं. सरांनी नुसती मान हलवायची, तोंड उघडायचं नाही. सर देव्हाऱ्यावर हात ठेवून हो म्हणाले.

रविवारी जीप आली. मुलगा, त्याचे आईवडील, मध्यस्थ, आणि मुलाचे आजोबा. त्यांना सगळे आबा म्हणत. घरात त्यांचा शब्द शेवटचा. आबांनी उंबऱ्यातच सरांचं डोकं पाहिलं आणि थबकले.

"कोन गया भाऊ?"

"चुलतसासरा," अक्का पटकन म्हणाली. "चोपड्याकडना. लांबना व्हता."

सगळे आत येऊन बसले, मी पाण्याचे ग्लास पुढे केले. आबांनी हातानेच थांबवलं. "चोपड्याकडना? कोन्ता गावना? मनी बहीण तठेच देयेल शे. नाव काय त्यासनं?"

अक्काच्या तोंडून जे नाव निघालं ते खऱ्या चुलत्याचंच. दुसरं सुचलंच नाही बिचारीला. आबा म्हणाले, "अरे! त्या तं मना वळखीना शेतस." आणि काठी टेकत उठले. "मंग आपन आठे बसेल कसाले? सुपारी मांगून. चला, पयले त्यासना दारवर जाऊत. गाडी शेच."

आता हे आमच्या खान्देशातलं. माणूस गेला की त्याच्या दारावर जायचंच. लग्न राहू द्या, सण राहू द्या, आधी दारावर. आणि तिकडे चोपड्याकडचे चुलते चांगले धडधाकट, केळीच्या बागेत पाणी भरत असतील! सगळे पाहुणे उठले. मुलाची आई पदर सावरायला लागली. अक्का भिंतीला धरून उभी. मी वैशालीकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी होती.

"आबा, बसा," सर म्हणाले. "चुलते जिवंत आहेत. खोटं बोललो आम्ही. बसा, मी सांगतो कोण गेलं ते."

आणि त्यांनी सांगितलं. गिरणीच्या गावापासून. मी ती गोष्ट शंभरदा ऐकली होती, पण त्या दिवशी सांगितली तशी त्यांनी कधी सांगितली नाही. नाकातलं इंग्रजी नाही, भुवया नाहीत. साध्या आपल्या बोलीत, पंच्याने डोळे पुसत. बाप माशांची पाटी उचलायचा ते. साहेब पळून गेला तेव्हा आईने दार उघडंच ठेवलं होतं ते. वीस वर्षं दुसऱ्याला जेवण वाढायचं काम. मग तो न्यायाधीश. भावाला फाशी सुनावल्यावर साहेब जसा एकटाच खुर्चीत बसून राहतो, तसेच सर दिवाणखान्यात खुर्चीवर बसून राहिले. मग दारू, मग विसरलेली वाक्यं, मग वृद्धाश्रम. मुलाची आई पदराने डोळे टिपत होती. आबा काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होते.

गोष्ट संपली तेव्हा आबांनी विचारलं, "मरताना पानी कोन पाजं त्याले?"

"कोणी नाही, आबा."

"अरे देवा," आबा म्हणाले, आणि बराच वेळ मान हलवत राहिले. मग त्यांनी पाणी घेतलं. चहासुद्धा घेतला. सुपारीचं काढलं नाही, पण जाताना सरांच्या पाठीवर हात ठेवला.

जीप वळली आणि सर आत आले ते चेहरा उजळून. "पाहिलं मॅडम? आबा रडले! खरं सांगितलं की माणसाला कळतं. साहेब म्हणायचा..." अक्का म्हणाली, "गप बसा." तिने सांजोऱ्यांचा डबा बंद करून फळीवर ठेवला. तिला कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थ आला. खाली मान घालून आबांचा निरोप सांगितला. "पोरगी सोनं शे. माणसं बी चांगला शेतस. पन घरमा येड शे. उद्या लेकरंबाळंमा उतरनं तं?"

बस्स, एवढंच. शिवी नाही, भांडण नाही. मुलाने एकदा फोन केला वैशालीला. घरचे ऐकत नाहीत म्हणाला. ती म्हणाली, तुम्ही ऐकवा ना. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. ती माझ्या खोलीत आली, पण हसली नाही की रडली नाही. मला म्हणाली, "ताई, लोकांचे बाप दारू पिऊन घर बुडवतात. ते चारचौघांत सांगता तरी येतं. माझ्या बापाने कशाने बुडवलं, हे मी कोणाला सांगू?"

इथे सरांनी थांबायला पाहिजे होतं. पण तो माणूस! आपल्याला येड लागलेलं नाही हे पारोळ्याला सिद्ध करून दाखवायचं त्यांनी ठरवलं. धुळ्यातल्या वेड्यांच्या डॉक्टरकडे गेले आणि आपण शहाणे असल्याचं सर्टिफिकेट लिहून आणलं. त्याला लॅमिनेशन केलं. हॅट घालून, बिनमिशीच्या तोंडाने एसटीत बसून ते स्वतः पारोळ्याला गेले आणि आबांच्या हातात दिलं. आबांनी त्यांना जेवू घातलं, स्टँडवर पोचवलं. पण गावात सगळीकडे झालं की मुलीचा बाप वेड्यांच्या डॉक्टरकडे जातो, त्याचा कागदच आहे. शहाणा माणूस असा कागद कशाला करील? पारोळ्याहून ते अमळनेरला गेलं, तिथून शिरपूरला. आमच्या जातीत बातमीला एसटी लागत नाही. त्यानंतर वैशालीला आठ-दहा स्थळं आली. सगळी दारापर्यंत येऊन चौकशीला वळली, आणि चौकशी झाली की परत आलीच नाहीत.

सरांना हे उमजायला वर्ष लागलं. मी त्याच सुमाराला लग्न होऊन जळगावला आले, पण सुट्टीत जायचे. एकदा गेले तर घर मोकळं मोकळं. कॅसेटी, सीड्या, कात्रणं, कोट, सगळं भंगारवाल्याला दिलेलं. अक्का हळूच म्हणाली, "बठ्ठं दिधं. एक कागद नही ठेवा." मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण सर समोर बसले होते ते रिकामे. काय बोलावं तेच त्यांना कळत नव्हतं. पावसापाण्याचं बोलले, माझ्या पोराचं विचारलं, आणि गप्प. निवृत्तीच्या समारंभात पोरं टाळ्या वाजवून ओरडत होती, "साहेब! साहेब!" सर उठले, धन्यवाद म्हणाले आणि बसले. मेलेल्या साहेबाचं सुतक दहा दिवसांत फिटलं असतं. हे फिटेना.

अक्का करोनात गेली. तेव्हा दारावर जायचीही सोय नव्हती.

गेल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी धुळ्याला गेले होते. खान्देशात अखाजीला लेकी माहेराला येतात, घरोघरी झोके बांधतात. माझं माहेर आता उरलं नाही, म्हणून म्हटलं वैशालीकडे जाऊन यावं. ती तिथेच आहे, देवपुरात. एका लॅबोरेटरीत नोकरी करते. चाळिशी आली, केस पुढून पांढरे झालेत, रंगवत नाही. सर पलंगावर होते. दोन वर्षं झाली, आठवण जात चालली आहे. मला ओळखलं नाही.

मी आंबे नेले होते. वैशाली रस काढायला बसली. तेवढ्यात सर उठून बसले आणि दाराकडे बघायला लागले.

"आलीस का गं वैशू? केव्हा आलीस सासरहून?"

"सकाळीच आले, बाबा."

"पाव्हणे कुठं आहेत?"

"मागून येताहेत. पारोळ्याहून निघालेत."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, "रोजचं आहे, ताई. पहिल्यांदा खरं सांगितलं होतं मी. की तुमच्यामुळे मोडलं. इतके रडले, इतके रडले! आणि तासाभराने परत विचारलं, पाव्हणे कुठं आहेत? रोज कोण रडवील त्यांना? म्हणून येताहेत म्हणते."

मला बसवेना. साहेबाचं सगळं आयुष्य या माणसाला पाठ होतं, ते पुसलं गेलं. पोरीचं लग्न मोडलं, तेही पुसलं गेलं. सुटला बाप. आणि ती? तिला तर दिवसातून चार वेळा नवरा यायचा आहे.

सरांनी तिला जवळ बोलावलं. दाराकडे एकदा बघितलं, मग तिचा आंब्याने माखलेला हात दोन्ही हातांत धरला आणि कुजबुजले, "वैशू, पाव्हण्यांना साहेबाचं काही सांगू नको हं. मी एक शब्द बोलणार नाही. नुसती मान हलवीन. तू घाबरू नको."

"नाही सांगत, बाबा," वैशाली म्हणाली, आणि ओल्या फडक्याने त्यांचे हात पुसायला लागली.